सूट मिळालेल्या वर्षीची परीक्षा

बातमी आली तेव्हा माझ्या हातात एका बोक्याचा पंजा होता. मारामारीत त्याचं नख उपटलं होतं, पंजा सुजून टम्म झाला होता आणि त्याच्या मालकीणबाई कोपऱ्यात उभ्या राहून बोक्यापेक्षा जास्त कळवळत होत्या. टेबलावरचा माझा फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी बाईंनीच तो उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे रेश्मा होती, मुलुंडला शालूच्या दवाखान्यात काम करणारी तरुण डॉक्टर. "मॅडम… आपल्या मॅडम गेल्या. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. मग पट्टी पूर्ण केली, बोक्याला पिंजऱ्यात घातलं, गोळ्या कशा द्यायच्या ते बाईंना पुन्हा पुन्हा समजावलं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून रडले. पट्टी अर्धी टाकून रडायला बसले असते तर शालूनं मला झापलं असतं. ती स्वर्गबिर्ग काही मानत नव्हती, पण तेवढ्यासाठी कुठून तरी आली असती.

शालू म्हणजे डॉ. शालिनी तायडे. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिनं उभा जन्म जनावरांचा दवाखाना चालवला, आणि मी माझा इकडे कांदिवलीला. मैत्री कॉलेजपासूनची. आता तिला जाऊन काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एवढी माणसं आली की हॉलबाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. बोलणाऱ्यांनी तिला मुक्या प्राण्यांची आई केलं, देवमाणूस केलं, आणि मी मागच्या रांगेत बसून चरफडत राहिले. शालूला जनावरांचं वेड होतं असं मी तरी म्हणणार नाही. एखादं गुबगुबीत पर्शियन मांजर आलं की "हे नुसते केस आणलेत, आत मांजर आहे का पाहा" म्हणायची. तिला वेड होतं ते जाणून घेण्याचं. त्या वेडापायी तिनं एकदा काय केलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते त्या हॉलमध्ये कुणीच सांगितलं नाही. रेश्माला माहीत होतं, पण ती रडत होती. मला माहीत होतं, पण मी मागच्या रांगेतून उठले नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. माझे वडील गिरणीत, आम्ही मूळचे मालवणकडचे. घरात जनावर म्हणाल तर चाळीच्या जिन्याखाली विणारी मांजर, तेवढंच. शालू वाशिमकडच्या खेड्यातली. तिच्या आईच्या शेळ्या होत्या. त्यातली एक गाभण शेळी एका दुपारी बसल्या जागी मेली. फिरतीवर आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना या पोरीनं वाटेत गाठलं आणि विचारलं, "काहून मेली?" ते म्हणाले, "मेली ना? मग आता विचारून काय करतेस?" आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. शेळी गेल्याचं दुःख आईला झालं, हिला झालं ते उत्तर न मिळाल्याचं. "त्याच दिवशी ठरवलं, आपण शोधून काढाचं," असं तिनं मला शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये सांगितलं होतं. फॉर्मॅलिनच्या वासानं आम्हा दोघींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिच्याकडे तेव्हाही एक प्रश्न तयार होता, आणि मी जेवणाची सुट्टी कधी होते याची वाट बघत होते.

तो 'काहून' तिनं पुढे सगळ्या मुलुंडला ऐकवला. कुणाचं कुत्रं दगावलं की ही मालकाचे डोळे पुसायच्या आतच विचारायची, उघडून पाहू का? माणसं भडकायची. एका गृहस्थानं तिला खाटीक म्हटलं. मी तिला म्हणायचे, "अगं, रडणाऱ्या माणसाला असं कसं विचारवतं तुला?" तर ती शांतपणे म्हणायची, "त्याच्या घरी दुसरं कुत्रं आहे ना? थे कशानं मरंल, हे नको का कळाले?" तिच्या या हट्टामुळे शेजारपाजारची किती जनावरं वाचली हे ती कधी मोजत बसली नाही. मी पण मोजलेलं नाही. पण आम्हा डॉक्टरांपैकी कुणाला मरणाचं कारण सापडेना, की आम्ही आपोआप तिला फोन लावायचो.

आणि तिचे हात! शालूला गर्व म्हणून एकाच गोष्टीचा होता, आणि तो पुरता होता. भांडुप-ठाण्याकडून लोक तिच्याकडे शस्त्रक्रियेला यायचे. पोट उघडून आतली रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधताना ती गाठीकडे बघायचीच नाही. नजर जनावराच्या श्वासावर, तोंडानं आमच्याशी गप्पा, आणि बोटं आपली आत काम करतायत. आमच्या आया जशा गप्पा मारता मारता भाजी निवडायच्या ना, तसं. मी चिडवायचे, "शालू, तुझ्या बोटांना वेगळे डोळे आहेत." ती खूश होऊन म्हणायची, "जळतेस काय गं?" खरंच जळायचे. माझी गाठ चांगलीच असते, पण मला ती बघावी लागते.

आता थोडं आमच्या नियमांबद्दल. पशुवैद्याची नोंदणी काही वर्षांनी पशुवैद्यक परिषदेकडे नव्यानं करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षणवर्गांना बसल्याची प्रमाणपत्रं लागतात. हेतू उत्तमच आहे. औषधं बदलतात, आजार रूप बदलतात, डॉक्टरानं कॉलेजात शिकलेल्यावर जन्मभर दुकान चालवू नये. प्रत्यक्षात मात्र एखाद्या हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये सकाळी सही करायची, औषध कंपनीची पिशवी घ्यायची, मागच्या रांगेत डुलक्या काढायच्या आणि गुलाबजाम संपायच्या आत जेवण गाठायचं, असा आमच्या बिरादरीचा रिवाज. शालू पहिल्या रांगेत. वक्ता "काही प्रश्न?" म्हणाला की अख्खा हॉल मनात म्हणायचा, नको बाई, आता हात वर करू नकोस. ती करायचीच. एकदा एका मोठ्या वक्त्याला तिनं मांजराच्या मूत्रपिंडावरून असं काही घेरलं, की भात गार झाला तरी तिचे प्रश्न संपेनात. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वाट लावलीस ना जेवणाची!" तर म्हणते, "त्यालेही माहीत नाही सुधा, आणि तो कबूल करते. काय झकास माणूस आहे!"

मग ते कोरोनाचं वर्ष आलं. आमचे दवाखाने चालू होते. मालकानं कुत्र्याचा पट्टा फाटकाला अडकवायचा, लांब जाऊन उभं राहायचं, मग आम्ही मास्क आणि फेसशील्डमध्ये घामाघूम होत त्या घाबरलेल्या जनावराला आत न्यायचं. जनावरांपासून रोग येतो अशी आवई उठली तेव्हा काही लोकांनी पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडली. शालूच्या शटरला सकाळी एखादं कुत्रं बांधलेलं असायचं. वय साठीच्या पुढचं, अंगात मधुमेह, आणि तरी ती रोज दवाखान्यात. तिचे यजमान प्रकाशराव बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सालस माणूस. ते मला फोन करून म्हणायचे, "सुधाताई, तुम्ही तरी सांगा हिला." सांगून ऐकणारी असती तर शालू कसली?

अशात एक दिवस परिषदेचं पत्रक मोबाइलवर आलं. साथ संपेपर्यंत प्रशिक्षणाची अट शिथिल. ज्यांच्या नोंदणीची मुदत संपते आहे त्यांना प्रमाणपत्रांशिवाय नूतनीकरण मिळेल. आमच्या ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. माझी मुदत त्याच वर्षी संपत होती आणि शालूचीही, कारण आम्ही नोंदणी एकत्रच केली होती. मी लगेच फोन लावला.

"शालू, सुटलो गं! वाचलंस ना?"

ती पडेल आवाजात म्हणाली, "वाचलं. बरोबर केलं त्यांनी. हॉलमध्ये माणसं कोंबून मारतात काय? सूट द्यायलाच पाहिजे होती."

"मग तुझा आवाज असा काय?"

"नाही, मी म्हणते… परिषदेनं सूट दिली. आजारानं दिली काय? आता पुढची काही वर्षं माझ्याकडे कुणी पाहणारच नाही. मी अजून डॉक्टर आहे का, हे मले कोण सांगंल?"

मी हसले. म्हटलं, अगं, तू डॉक्टर नाहीस तर मी काय भाजी विकते? ती हसली नाही. म्हणाली, "तू ये रविवारी. माझी परीक्षा घे."

मला वाटलं, गप्पा मारायला तिला माणूस हवं असणार, हा बोलावण्याचा बहाणा. माझ्याकडे अत्यावश्यक सेवेचा पास होताच. गाडी काढली आणि गोरेगावहून जोडरस्त्यानं मुलुंडला गेले. दवाखान्यात पाय ठेवला आणि उंबऱ्यातच थबकले. बाहेरच्या खोलीत एका टेबलावर धुतलेली पांढरी चादर, त्यावर पाण्याचा झाकलेला ग्लास, मागे एक लाकडी हातांची खुर्ची. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक यायचे तेव्हा असंच टेबल मांडायचे. शालू इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात समोर उभी. तिनं मला बसायला सांगितलं, स्वतः बसली नाही, आणि म्हणाली, "विचारा मॅडम." रेश्मा दारात गंभीर चेहऱ्यानं उभी होती. मला हसू फुटलं आणि तितक्यात विरलंही, कारण शालूच्या कपाळावर घाम होता. ती खरोखर घाबरली होती.

मग मीही नीट बसले. सोपं विचारून तिचा अपमान करायचा नव्हता. लेप्टोच्या तापापासून सुरुवात केली, मांजराच्या मधुमेहावर आले, मग भाजलेल्या पिल्लाला सलाइन किती, यकृत बिघडलेल्या कुत्र्याला कुठली भूल चालणार नाही, असं सुचेल ते. ती एकेक उत्तर देत गेली, आणि मी खुर्चीत हळूहळू लहान होत गेले. माझ्या प्रश्नात चूक होती ती तिनं आधी दुरुस्त केली आणि मग उत्तर दिलं. एका ठिकाणी म्हणाली, "हे मले माहीत नाही. अजून कुणालेच नीट माहीत नाही." बंद पडलेल्या जगात, डोक्यावर कुणी नसताना, ही बाई रोज दुपारी बसून वाचत होती. मला तिचा हेवा नाही वाटला त्या दिवशी. अभिमानानं ऊर भरून आला. मी म्हटलं, "झालं. पहिला नंबर. चहा टाक आता." तर ती म्हणाली, "प्रॅक्टिकल राहिलं."

आत टेबलावर एक भटकी कुत्री भूल देऊन तयार होती. नसबंदीची शस्त्रक्रिया. शालूनं आयुष्यात किती केल्या असतील त्याला गणती नाही. रेश्मा मदतीला, मी मास्क-हातमोजे घालून भिंतीशी. शालूनं छेद घेतला, सुरेख, पहिल्यासारखाच. आत बोट घातलं. आणि मग मला ते दिसलं. ती गाठीकडे बघत होती. वाकून, चष्मा सावरत, रेश्माला दिवा जवळ आणायला सांगत, शालू प्रत्येक गाठ डोळ्यांनी बघत होती. मी स्वतःला म्हटलं, असू दे, वय आहे. तिनं चिमटा सोडला, आणि आतून रक्त वर आलं. गाठ सैल राहिली होती… माझं पाऊल आपोआप पुढे पडलं. ती मान वर न करता म्हणाली, "परीक्षक हात लावत नाहीत." तिनंच ती वाहिनी शोधली, तिनंच पुन्हा बांधली. गाठ पुन्हा घसरली. मग ओठ घट्ट मिटून तिनं आणखी एक मारली, ती बसली. कुत्रीला काही झालं नाही. संध्याकाळी ती शेपूट हलवत उठून बसली आणि रेश्माच्या बुटाची नाडी चावायला लागली.

नंतर आम्ही दोघी दवाखान्याच्या पायरीवर चहा घेऊन बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती म्हणाली, "सांग."

काय सांगणार होते मी? ओठांवर "पास" हा शब्द तयार होता. कोण विचारणार होतं? परिषदेनं आम्हा दोघींना सोडलं होतं. जगात त्या घटकेला शालूला थांबवू शकेल असं कुणी नव्हतं, कायदा नाही की नियम नाही, आणि तिच्या त्या हातांवर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. मी कपाकडे बघत म्हटलं, "औषधात तुझ्या पासंगाला कुणी पुरणार नाही…" ती म्हणाली, "ते सोड." मग मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "शालू, आता सुरी ठेव गं."

तिचा चहा गार झाला. समोरच्या सोसायटीत कुणीतरी गॅलरीत कपडे झटकत होतं, त्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "बोटांच्या टोकाले दोरा जाणवतच नाही मले. साखरेनं असंल. मले वाटे, हा आपल्या मनाचा खेळ असंल." आणि मग तिनं मला मांजराची गोष्ट सांगितली. समोरच्याच इमारतीत एकटे राहणारे शेट्येकाका होते. त्यांचं मांजर महिन्यापूर्वी नसबंदीनंतर घरी गेलं आणि रात्रीत मेलं. शालूनं त्यांच्याकडे परवानगी मागितली. ते म्हणाले, आता कशाला चिरफाड? ही म्हणाली, "काहून मेलं हे कळल्याशिवाय मले उद्या दवाखाना उघडता येणार नाही." उघडलं. पोटात रक्त साठलेलं, आणि तिची गाठ सुटलेली. तिची स्वतःची. दुसऱ्या कुणालाही ते कधी कळलं नसतं. ही रस्ता ओलांडून गेली आणि शेट्येकाकांच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुमचं मांजर माझ्या हातानं गेलं."

मी कप खाली ठेवला. "मग हे आधी का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं तर तू गाठच पाहत बसली असती. मले पाहाचं होतं, न सांगता तुले दिसते का नाही."

मी असं काही ना आधी पाहिलं होतं, ना नंतर. आमच्या व्यवसायात मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली. दिवसभरात ढीगभर शस्त्रक्रिया करणारी, परदेशात व्याख्यानं देणारी. पण सगळ्या देशाला सूट मिळाली असताना स्वतःच स्वतःला परीक्षेला बसवणारी, त्यात नापास व्हायची तयारी ठेवून परीक्षकाला पुरावा न दाखवणारी अशी एकच. ती उठली, आत गेली, आपली सगळी हत्यारं स्वतः घासून-पुसून, उकळून वाळवली, आणि रेश्माला बोलावून म्हणाली, "आजपासून हे तुझं. मी दिवा धरीन." रेश्मा रडायला लागली तर तिला म्हणाली, "रडतेस काय माय? गाठ दाखव मले तुझी." मी घरी जाताना आरेजवळ गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आणि खरोखरच तिनं पुढे दिवा धरला. ज्या टेबलाची ती राणी होती त्याच टेबलाशी ती पोरीची मदतनीस म्हणून उभी राहायची, श्वास बघायची, भूल सांभाळायची. सोपं नव्हतं ते. रेश्मा हळू काम करते म्हणून तिची चिडचिड व्हायची, मग स्वतःच "सॉरी गं" म्हणायची. प्रकाशरावांनी मला सांगितलं, सुरुवातीला ती घरी रिकाम्या हातांनी हवेत गाठी मारत बसायची. ते ऐकून मला वाटलं, आपण तेव्हा 'पास' म्हणायला हवं होतं का… आजही कधी कधी वाटतं. पण मग शेट्येकाका आठवतात. त्यांनी बरेच दिवस शालूशी अबोला धरला होता. एक दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यात नवं पिल्लू घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवून म्हणाले, "तुमच्याकडेच आणलंय. दुसरा कोणी मला खरं सांगेल की नाही, काय माहीत."

साथ ओसरली. सवलत गेली, हॉल पुन्हा भरले, गुलाबजाम परतले. शालू पुन्हा पहिल्या रांगेत. पण तिची ती परीक्षा थांबली नाही. दर वर्षी एका रविवारी मला मुलुंडला बोलावणं यायचं, टेबलावर चादर, झाकलेला ग्लास, लाकडी हातांची खुर्ची. फक्त तोंडी. गेल्या खेपेला तिनं मलाच उलटा प्रश्न टाकला. मला येईना. मी वैतागून म्हटलं, "परीक्षक मी आहे की तू?" ती एवढी हसली की तिला ठसका लागला. तीच आमची शेवटची भेट.

परवा मी पहिल्यांदा तिच्याशिवाय तिच्या दवाखान्यात गेले. आता तो रेश्मा चालवते. प्रकाशरावांनी वरच्या आपल्या घरून चहा पाठवला होता. चहा झाल्यावर रेश्मा जरा घुटमळली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना? तुमची परीक्षा कोण घेतं?"

मी अजून शस्त्रक्रिया करते. वय शालूएवढंच. आत एक कुत्री त्या दुपारच्या शस्त्रक्रियेसाठी आणलेली होती. मी उठले, कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हटलं, "चल, घे."

रेश्मा भिंतीशी उभी राहिली. मी कामाला लागले. छेद छान झाला, गाठी बसल्या, टाके एका ओळीत आले. हातमोजे काढताना मला मनातून चांगलंच फुशारल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "बोल."

"मॅडम, हात एकदम भारी आहेत. पण तुम्ही डोळ्यांत मलम नाही घातलंत. भुलेत तिचे डोळे उघडे राहतात ना, सुकतात ते. आता सगळे घालतात. तुमची पाठ होती तेव्हा मी घातलं."

"परीक्षक हात लावत नाहीत," मी म्हणाले.

"हो. पण त्यात कुत्रीचा काय दोष?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, कानशिलं तापली. काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोर, आणि मला शिकवते? बोटभर मलमाएवढी चूक, तरी माझ्या घशाखाली उतरत नव्हती. आणि तसा तो राग गिळता गिळता मला कळलं की त्या दिवशी पायरीवर, माझ्या एका वाक्यासरशी, शालूनं काय गिळलं होतं. तिच्या मोठेपणाचं मला इतकी वर्षं नवल वाटत होतं, पण त्याचं वजन मी कधी उचलून पाहिलं नव्हतं.

रेश्मा घाबरून माझ्याकडे बघत होती. बाहेरच्या खोलीत आल्यावर मी तिला विचारलं, मलम कुठलं घालतात आणि किती वेळानं. ती सांगू लागली, आणि मी त्या लाकडी हातांच्या खुर्चीसमोर उभी राहून ऐकत राहिले.